‘राहू दे’ म्हणजे काय

मिरजेत रक्त तपासायच्या लॅब मोजायला गेलं तर गल्लीगणिक दोन भरतील. तरीही तान्ह्या बाळाचं रक्त काढायचं असलं की गावातले डॉक्टर चिठ्ठीवर लॅबचं नाव लिहीत नसत, बाईचं लिहीत. वृषाली आवटी. मूल आठ दिवसांचं असो, त्याची शीर दोऱ्याएवढी असो, वृषालीला दुसऱ्यांदा टोचावं लागत नसे. बाळ रडायला तोंड उघडायचं, तोवर कापूस लावून झालेला असायचा. वीस वर्षं ती हे काम करत होती आणि तिला त्याचा गर्व होता. तो तिने कधी लपवला नाही. का लपवावा?

अशा बाईच्या हातातून २०३९ सालच्या एका सोमवारी सुई काढून घेतली गेली.

डॉ. उपाध्ये या लॅबच्या मालकीणबाई. भल्या बाई, पण स्वभावाने भित्र्या. त्यांनी वृषालीला आत बोलावलं, दार लोटलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

“रागावू नकोस हं. विमा कंपनीकडून आलंय. लॅबच्या विम्याचं नूतनीकरण आहे ना, त्यात प्रत्येक माणसापुढे शेरा असतो.”

बाकी सगळ्यांपुढे हिरवा ठिपका होता. वृषालीच्या नावापुढे लाल. खाली ओळ होती : ‘कंपवाताच्या आरंभाची शक्यता एकाहत्तर टक्के. सुईचे काम देऊ नये.’

वृषालीने ती ओळ दोनदा वाचली. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात स्वस्थ होता.

“मला तपासलं कुणी?”

“कुणी नाही गं. मोबाइलने.”

“माझ्या?”

“तुझ्याच. तूच परवानगी दिलीस म्हणे. रीतसर नोंद आहे.” डॉ. उपाध्येंनी चष्मा काढून पुसायला घेतला. “मला तुझ्या हातावर पूर्ण भरवसा आहे. पण उद्या काही झालं तर विमा हात वर करणार. तू तूर्त टोकनच्या काउंटरवर बस. मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला आण, मग बघू.”

आता ही परवानगी आणि ही नोंद काय भानगड आहे ते सांगायला हवं.

पूर्वी फोनवर कुठलंही अ‍ॅप घेतलं की ते विचारायचं : माइक वापरू? तुम्ही कुठे आहात ते बघू? आणि माणसं न वाचता ‘हो’चं बटण दाबून मोकळी व्हायची. लग्नाच्या पंगतीतही माणूस पानात काय पडतंय ते बघतो, इथे तेवढंही कुणी बघत नसे. मग कायदा आला की परवानगी मातृभाषेत विचारायची, तोंडी विचारायची आणि माणसाने दिलेलं उत्तर पुरावा म्हणून जपायचं. कायदा चांगला होता. तो अमलात आणायला ‘होकार टेक्नॉलॉजीज’ नावाच्या कंपनीने एक यंत्रणा काढली, तिचं नाव ‘मुखत्यार’. ही फोनमध्येच राहायची. सगळी अ‍ॅप्स तिच्याकडे मागणी करायची आणि ती बाईच्या गोड आवाजात तुम्हाला विचारायची. तुम्ही भाजी चिरत असा की गाडी पुसत असा, तोंडाने काहीतरी बोललात की तिने ते ऐकलं, अर्थ लावला आणि हो की नाही ते ठरवून टाकलं. चार वर्षांत महाराष्ट्रातला जवळजवळ प्रत्येक फोन मुखत्यारच्या ताब्यात गेला, आणि बटणं दाबायचा ताप गेला म्हणून लोक खूश होते.

आणि हाताचं म्हणाल, तर फोन आडवा केला की पडदा आडवा होतो ना? त्यासाठी फोनच्या पोटात हालचाल मोजणारी एक चिप असते. ती सेकंदाला शंभर वेळा मोजते. धडधाकट माणसाचा हातही किंचित थरथरतच असतो, पण भरभर, सेकंदाला आठ ते बारा वेळा, आणि इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. कंपवातात ही थरथर संथ होते, चार ते सहावर येते. एका दिवसाच्या नोंदीवरून काही कळत नाही. पण चार वर्षं फोन रोज हातात असेल, जोडीला आवाजातला कापराही ऐकता येत असेल, तर गणिताला डॉक्टरांच्या कितीतरी आधी वास लागतो. शोध उत्तमच होता. दवाखान्यात, माणसाला विचारून वापरला असता तर त्याने पुष्कळांचं भलं केलं असतं. त्या ‘विचारून’मध्येच सगळी मेख होती.

वृषालीचे यजमान श्रीधरराव. त्यांचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला नंबर काढला की तो सुटतो अशी त्यांची समजूत.

“त्यात काय एवढं?” जेवताना ते म्हणाले. “उद्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ. तपासून घेऊ. दाखला त्यांच्या तोंडावर मारू, विषय संपला.”

“आणि दाखला उलटा आला तर?”

श्रीधररावांचा घास हातातच राहिला.

वृषालीचे वडील पोस्टमन होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांचा उजवा हात कापायला लागला. पत्र देताना ते पत्र फडफडायचं आणि पेठेतली माणसं हसायची. अण्णा, पत्र वाटताय का नाचवताय? तेव्हापासून अण्णांनी हात खिशात घालायला सुरुवात केली. पाच वर्षं त्यांनी तो हात घरच्यांपासूनही लपवला. वृषालीच्या लग्नात अक्षता त्यांनी डाव्या हाताने टाकल्या, आणि त्या दिवशी तिला सगळं कळलं. तेव्हापासून कधीमधी, चहाचा कप उचलताना, ती स्वतःच्या हातावर नजर ठेवून असे. हे तिने नवऱ्याला कधीच सांगितलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती तिची स्वतःची होती.

“मला कळून घ्यायचंय का, आणि कधी, हे माझं मला ठरवू द्या की,” ती म्हणाली. “जे मी स्वतःला विचारलं नाही, ते विमा कंपनीला आधी कळतं? मी कधी कुणाला म्हटलं, माझा हात मोजा म्हणून?”

“विचार की मग त्या मुखत्यारलाच.”

तिने जेवणाचं ताट बाजूला केलं, फोन पुढ्यात घेतला आणि विचारलं.

“आपण ही परवानगी चार वर्षांपूर्वी, सात ऑगस्टला दिली,” मुखत्यार गोड आवाजात म्हणाली. “अ‍ॅपचे नाव ‘आजची तिथी’. त्यांची माहिती विमा भागीदारांना जाते. आपली संमती ऐकवते.”

कुकरची शिट्टी ऐकू आली. मागे नळ वाहत होता. मग मुखत्यारचा आवाज : “‘आजची तिथी’ला तुमच्या हालचालीची आणि आवाजाची नोंद हवी आहे. चालू ठेवू का?” आणि त्यावर वृषालीचा, कणकेत हात असलेल्या बाईचा, घाईचा आवाज : “राहू दे गं बाई, राहू दे.”

“संमती नोंदवली. धन्यवाद.”

चतुर्थी कधी आहे एवढं बघायला घेतलेलं अ‍ॅप! वृषालीने ते तीनदा ऐकलं. चौथ्या वेळी तिला हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं.

“म्हणजे तू हो म्हणालीस तर,” श्रीधरराव म्हणाले.

“अहो, काय बोलताय! मी तुम्हाला रोज विचारते, आणखी एक पोळी वाढू का? तुम्ही म्हणता, राहू दे. मग मी वाढते का?”

“नाही.”

“का नाही वाढत?”

“राहू दे म्हणजे नको ना.”

“झालं तर मग!”

पण श्रीधरराव मुळात काटेकोर माणूस. त्यांनी बोट वर केलं. “पण ती काय म्हणतेय बघ. ‘चालू ठेवू का?’ त्यावर राहू दे म्हणजे राहू दे चालू, असाही अर्थ होतो की. वकील हेच म्हणणार बघ.”

वृषालीला राग आला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती टोकनच्या काउंटरवर बसली होती. सुई नाही, दंडाला बांधायचा पट्टा नाही, नुसते आकडे पुकारायचे. समोरच्या बाकावर म्हैसाळच्या एक आजी उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्या. डोक्यावर पंखा भरधाव चालला होता आणि आजींचा पदर उडत होता.

“आजी, पंखा बंद करू का?”

“ऱ्हाऊ दे की बाय. बरं वाटतंय.”

पंखा चालूच राहिला. तासाभराने वीज गेली आणि आली. मधल्या वेळात कुणीतरी बटण बंद केलं होतं, त्यामुळे पंखा बंदच होता. आता त्याच बाकावर एक ट्रकड्रायव्हर बसला होता, अंगावर स्वेटर.

“दादा, पंखा लावू का?”

“राहू दे ताई. थंडी वाजतीया.”

पंखा बंदच राहिला. वृषालीने पुढचं टोकन पुकारायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मघाशी पंखा ‘राहू दे’ म्हणून चालू राहिला. आत्ता तो ‘राहू दे’ म्हणूनच बंद राहिला. शब्द एकच! म्हणजे त्या शब्दात ‘चालू’ही नाही आणि ‘बंद’ही नाही. त्यात एवढंच आहे की आहे तसं असू दे, तू जे करायला निघालायस ते करू नकोस. मराठी माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं. पाहुण्याला वाईट वाटेल, विचारणाऱ्याला वाईट वाटेल, म्हणून आपण ‘राहू दे’ म्हणतो आणि समोरचा समजून जातो. आईच्या मांडीवरचं पोरही ते समजतं. न समजणारी एकटी मुखत्यार निघाली.

वृषालीने एका टोकनच्या पाठीवर लिहिलं : ‘विचारायच्या आधी पंखा चालू होता की बंद?’ आणि ते टोकन पर्समध्ये टाकलं.

तिने संमती आयुक्तांकडे तक्रार केली. त्यासाठी वकील लागत नव्हता, साधा अर्ज पुरे होता. आठवड्याने होकार कंपनीतून एका बाईंचा फोन आला. मुखत्यारइतकाच गोड आवाज.

“मॅडम, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तुमच्या नावापुढचा शेरा चोवीस तासांत निघेल. लॅबला तसं पत्र जाईल. तुम्ही फक्त तक्रार मागे घ्या.”

डॉ. उपाध्येंना हे कळलं तेव्हा त्यांनी पेढेच मागवले. “सुटलीस बाई! उद्यापासून ट्रे उचल. आता कशाला उगीच हात दाखवून अवलक्षण?”

हाताच्याच बाबतीत ही म्हण ऐकायला मिळाली, याचं वृषालीला हसू आलं. पण तिने पेढा घेतला नाही. तिला सुई हवी होती, फार हवी होती. सकाळी लॅबमध्ये एखादं बाळ रडलं की तिची बोटं आपोआप वळायची. एक ‘हो’ म्हटलं की सगळं परत मिळत होतं.

त्या दुपारी म्हैसाळच्या आजी रिपोर्ट न्यायला आल्या. वृषालीने त्यांचा फोन घेतला आणि मुखत्यारला आजींच्या संमती ऐकवायला सांगितलं. फोनमधून आजींचाच आवाज एकामागून एक येऊ लागला : “ऱ्हाऊ दे.” “ऱ्हाऊ दे की.” “ऱ्हाऊ दे म्हनलं न्हवं?” आणि प्रत्येकानंतर तेच : संमती नोंदवली, धन्यवाद. बोलणं ऐकायची संमती, घर बघायची संमती, औषधांची यादी विकायची संमती. शेवटच्या एकात तर आजी चिडून म्हणत होत्या, “आगं ऱ्हाऊ दे की, किती येळा सांगू!” त्यालाही धन्यवाद.

“ही बया माझं ऐकत हुती की माझी टिंगल करत हुती?” आजींनी विचारलं.

वृषालीने त्याच संध्याकाळी कंपनीला कळवलं की तक्रार मागे घेणार नाही.

श्रीधरराव भडकले. “तुझं काम झालं होतं! साऱ्या महाराष्ट्राचा मक्ता तू घेतलायस काय?”

“माझी एकटीची खूण पुसतायत, अहो. मोजायचं थांबवत नाहीयेत. उद्या पुन्हा मोजतील, पुन्हा शेरा येईल, आणि तेव्हा मी तोंड मिटून पेढा खाल्लेला असेल.”

“त्यापेक्षा सरळ दाखला आण!”

“दाखला आणला म्हणजे त्यांचा प्रश्न बरोबर होता, असं होतं. मी जाईन डॉक्टरांकडे. पण यांनी ढकललं म्हणून नाही.”

चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मीठ द्या, किल्ली कुठेय, एवढंच. पाचव्या दिवशी कोल्हापुरात सुनावणी होती. वृषाली पहाटे उठून आवरून बाहेर आली, तर श्रीधरराव इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. दुकानाचं कुलूप आज उघडायचंच नाही म्हणून चावी खिशात टाकलेली.

“वकील ‘चालू ठेवू का’वर बोट ठेवणार,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “मी पहिल्यांदा म्हटलं होतं. निदान समोर बसून तरी ऐकतो.”

संमती आयुक्त होत्या श्रीमती फरीदा मुजावर. शांत, कमी बोलणाऱ्या, टेबलावर कागद एकदम सरळ रेषेत ठेवणाऱ्या. होकार कंपनीकडून अ‍ॅडव्होकेट निनाद टिळेकर आले होते आणि त्यांच्यामागे तांत्रिक अधिकाऱ्यांची रांग. दालन भरलं होतं, कारण मिरजेतल्या टोकन काउंटरवरची बातमी एव्हाना सांगली-कोल्हापुरात पसरली होती.

टिळेकरांचं मराठी मोठं देखणं होतं. ते म्हणाले, आपल्याकडे मौनालासुद्धा संमती मानतात, इथे तर बाई चक्क बोलल्या आहेत. ते म्हणाले, राहणे या धातूचा अर्थ असणे, टिकणे. प्रश्न होता ‘चालू ठेवू का’, उत्तर आलं ‘राहू दे’. व्याकरणात याला होकार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि महाराष्ट्रातल्या कोट्यवधी संमती एका गृहिणीच्या कणकेवर सोडून द्यायच्या का?

“मी गृहिणी आहे, आणि रक्त काढते,” वृषाली उभी राहत म्हणाली. “मला व्याकरण येत नाही. मला साहेबांना एकच प्रश्न विचारायचाय.”

“विचारा,” आयुक्त म्हणाल्या.

“मुखत्यारने मला विचारलं, त्याच्या आधीच्या क्षणाला माझी नोंद चालू होती की बंद होती?”

टिळेकर हसले. “अर्थातच बंद होती. आमची कंपनी परवानगीशिवाय काहीही चालू करत नाही. तेच तर आम्ही सांगतोय.”

“लिहून घेतलं?” वृषालीने कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने मान हलवली. “मग मी म्हणाले, राहू दे. बंद होतं, ते बंद राहू दे. पंखा बंद असताना कुणी ‘राहू दे’ म्हटलं तर आपण पंखा लावतो का, साहेब?”

दालनात खसखस पिकली. टिळेकरांच्या मागून एक अधिकारी पुढे झुकला आणि त्यांच्या कानाशी लागला. टिळेकरांनी घसा साफ केला.

“थोडी दुरुस्ती. प्रश्न ‘चालू ठेवू का’ असा होता. ठेवू. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या नोंद त्या वेळी... प्राथमिक अवस्थेत... चालूच होती. आणि बाईंनी ती चालू राहू दिली.”

आयुक्त मुजावरांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे परवानगी मागायच्या आधीपासून?”

टिळेकरांनी मागे वळून अधिकाऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं.

“वकीलसाहेब, इकडे आड आहे आणि तिकडे विहीर. बंद होती म्हणालात तर बाईंनी नकार दिला. चालू होती म्हणालात तर तुम्ही विचारण्यापूर्वीच चोरी केली. उडी कशात मारायची ते तुम्ही ठरवा. कारकून लिहून घेतायत.”

“मला... मला अशिलाशी बोलावं लागेल.”

“अवश्य बोला. मोठ्याने बोला, म्हणजे सगळ्यांना कळेल.”

त्यावर मात्र दालनात हशाच फुटला. मागच्या रांगेत श्रीधरराव उभे राहून टाळ्या वाजवत होते. अख्ख्या आयुष्यात त्यांनी कधी सभेत टाळी वाजवली नव्हती. आयुक्तांनी टेबलावर थाप मारली, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसू काही त्यांना आवरता आलं नाही.

निकाल अकरा पानी आला. त्याचं सार एवढं : ‘राहू दे’वर उभी असलेली प्रत्येक परवानगी पहिल्या दिवसापासून रद्द. त्या परवानगीवर जमवलेली माहिती पुसायची, आणि त्या माहितीवरून काढलेले शेरेही पुसायचे, ते जिथे जिथे पोहोचले असतील तिथून. यापुढे जी गोष्ट बंद आहे ती बंद आहे असं सांगून मगच विचारायचं. आणि होकार म्हणजे फक्त स्पष्ट ‘हो’. ‘बघू’, ‘नंतर’, ‘बरं बरं’, ‘हं’, ‘करू सावकाश’ यांपैकी काहीही म्हणजे नकार. हा शेवटचा भाग वाचून साऱ्या मराठी मुलखाला आपली गुपितं सरकारी कागदावर आल्यासारखं वाटलं.

अंमलबजावणी एका रविवारी सकाळी दहाला झाली. वृषाली भाजी मंडईत होती. दहाच्या ठोक्याला मंडईतले सगळे फोन एकदम बोलू लागले. पर्समधले, खिशातले, तराजूच्या बाजूला ठेवलेले. “आपल्या नावावरच्या एकशे चार परवानग्या रद्द झाल्या आहेत.” “आपल्या नावावरच्या साठ परवानग्या रद्द झाल्या आहेत.” क्षणभर सगळे गोंधळले, मग आकडे पुकारायची चढाओढ लागली. कांदेवाला ओरडला, “माझ्या दोनशे सात!” आणि शेजारच्या मेथीवालीने त्याला विचारलं, एवढं कुणाला नाही म्हणत होतास रे? लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. लगेच मागोमाग फोनांनी नव्याने विचारायला सुरुवात केली. तुमचा आवाज ऐकणे सध्या बंद आहे, सुरू करू का? आणि त्या मंडईत, जिथे भाव पटला नाही तरी एरवी गिऱ्हाईक “नंतर येते हं” म्हणून काढता पाय घेत असे, तिथे चहूकडून एकच शब्द येऊ लागला. नाही. नाही! नाही म्हणजे नाही! बायका म्हणत होत्या, हमाल म्हणत होते, मशिदीकडून आलेले दोन म्हातारे सतारवाले तर एकमेकांना म्हणून दाखवत होते. वृषाली हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन मध्येच उभी होती, आणि तिला इतका आनंद झाला की तिने जुडीचा भाव न करता ती तशीच पिशवीत टाकली.

सोमवारी डॉ. उपाध्येंनी स्वतः तिचा ट्रे तिच्यापुढे ठेवला. लाल ठिपका गेला होता. त्याच्या जागी काहीच नव्हतं.

“मॅडम, एक सांगू?” वृषाली म्हणाली. “मी बाळांना टोचते. माझा हात कसा चालतो हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. दर सोमवारी माझं काम तपासा. माझ्याबरोबर बाकी सगळ्यांचंही तपासा. समोर बसून, सांगून.”

“तसंच करू,” डॉ. उपाध्ये म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही.

पहिलं बाळ सहा दिवसांचं होतं, कावीळ झालेलं. आई घाबरून भिंतीकडे तोंड करून उभी होती. वृषालीने इवल्या हाताला बोट लावलं, शीर चाचपली, आणि एकदाच टोचलं. आईने वळून विचारलं, “झालं?” तोवर कापूस लावून झाला होता.

शेरा कायमचा पुसण्याआधी तो आणि त्यामागचं सगळं गणित बघण्याचा वृषालीला अधिकार होता. आयुक्तांच्या कार्यालयातून तसं विचारणारं पत्र आलं. तिने उत्तर पाठवलं की न बघता पुसून टाका.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, ती स्वतःहून मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. श्रीधररावांना तिने बाहेरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि ते निमूट बसले. आत डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवून विचारलं, “कुणी पाठवलं?”

“कुणी नाही. मला कळून घ्यायचंय.” तिने दोन्ही हात टेबलावर त्यांच्यापुढे ठेवले. खिशात घालायचा तिला मोह झाला होता. तिने तो बाजूला सारला. “तपासा, डॉक्टर. मी विचारतेय.”

डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं. मग काय आहे ते तिला सांगितलं. ती बाहेर आली, श्रीधररावांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांना सांगितलं. पुढे कधीतरी मलाही सांगितलं. बाकी सगळं लिहितोच आहे तर तेही लिहू का, असं मी तिला विचारलं.

वृषाली म्हणाली, “नाही.”

म्हणून ते इथे लिहिलेलं नाही.